पुतिन यांच्यानंतर कोण, आणि त्यांच्या युद्धाचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रशियाच्या राजकारणावर काहीही लिहिलं की वाचकांकडून हमखास दोन प्रश्न येतात: पुतिन गेल्यावर गादीवर कोण बसणार, आणि रशिया युक्रेनवर थांबणार की पुढे सरकणार. लोक हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारतात. माझ्या मते ते एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत, कारण पुढचा माणूस कोणीही असला तरी त्याच्या हाती चालू युद्ध, युद्धावर पोसलेली अर्थव्यवस्था आणि बदललेली राज्यघटना पडणार आहे. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल असं लिहिलं आहे. जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पुतिन नेमके कधीपासून सत्तेत आहेत आणि कधीपर्यंत राहू शकतात?

९ ऑगस्ट १९९९ ला तेव्हाचे अध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांनी त्यांना पंतप्रधानपदासाठी पुढे केलं आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला ते हंगामी अध्यक्ष झाले. २००८ ते २०१२ ही चार वर्षं ते पुन्हा पंतप्रधान होते आणि दिमित्री मेदवेदेव अध्यक्ष होते. तो काळ सोडला तर तेव्हापासून अध्यक्षपद त्यांच्याकडेच आहे. मार्च २०२४ च्या निवडणुकीत त्यांना ८७ टक्क्यांहून जास्त मतं मिळाल्याचं जाहीर झालं. ही मुदत २०३० ला संपते. त्यानंतर घटनेनुसार ते आणखी एकदा उभे राहू शकतात, म्हणजे २०३६ पर्यंत. त्यांचा जन्म ७ ऑक्टोबर १९५२ चा आहे, म्हणजे तेव्हा त्यांचं वय ८३ असेल.

२. रशियात अध्यक्षाला दोनच मुदती मिळतात ना? मग हे जमलं कसं?

आधी २००८ मध्ये मुदत चार वर्षांची सहा वर्षं झाली. ही दुरुस्ती २०१२ च्या निवडणुकीपासून लागू झाली. खरी हातचलाखी २०२० मध्ये झाली. १० मार्च २०२० ला ड्यूमात, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, घटनादुरुस्तीवर चर्चा चालू होती. व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा उठल्या. १९६३ मध्ये अंतराळात गेलेली जगातली पहिली स्त्री, देशभर आदराचं नाव. त्यांनी सुचवलं की आजवरच्या मुदती मोजूच नयेत, शून्यापासून सुरुवात करावी. थोड्याच वेळात पुतिन स्वतः सभागृहात हजर झाले आणि घटनात्मक न्यायालयाची हरकत नसेल तर आपल्याला मान्य आहे, असं म्हणाले. न्यायालयाने आठवड्याच्या आत हिरवा कंदील दाखवला.

मग २५ जून ते १ जुलै असं मतदान झालं. पेन्शनवाढीची हमी, विवाह म्हणजे स्त्री-पुरुषांचाच, मुदती शून्यावर आणणं, सगळं एकाच गाठोड्यात आणि मतपत्रिकेवर फक्त 'हो' किंवा 'नाही'. मतदान संपण्याआधीच दुरुस्त घटनेच्या छापील प्रती पुस्तकांच्या दुकानांत विकायला आल्या होत्या.

३. अध्यक्षाचं अचानक काही बरंवाईट झालं, तर कागदोपत्री काय ठरलं आहे?

घटनेचं कलम ९२ याबाबत स्पष्ट आहे. अध्यक्षाचा मृत्यू झाला, त्याने राजीनामा दिला, तो काम करायला असमर्थ ठरला किंवा महाभियोगाने हटवला गेला, तर पंतप्रधान हंगामी अध्यक्ष होतो आणि तीन महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते. हंगामी अध्यक्षाला ड्यूमा बरखास्त करता येत नाही, सार्वमत घेता येत नाही, घटनादुरुस्ती सुचवता येत नाही. मात्र 'असमर्थ' कोणी आणि कशाच्या आधारे ठरवायचं, याची नीट पद्धत कुठेच लिहिलेली नाही. मृत्यूपेक्षा दीर्घ आजारपण ही रशियासाठी जास्त अवघड वेळ ठरेल असं मला वाटतं, ते त्यामुळेच.

४. म्हणजे पंतप्रधान मिशुस्तिन हेच वारसदार समजायचे का?

पहिल्या तीन महिन्यांपुरते, हो. त्यापुढचं सांगता येत नाही. मिखाईल मिशुस्तिन जानेवारी २०२० मध्ये पंतप्रधान झाले, त्याआधी दहा वर्षं ते कर खात्याचे प्रमुख होते. कामाला पक्के, बोलायला मोजके, युद्धाच्या घोषणाबाजीपासून शक्यतो चार हात लांब. पण त्यांच्यामागे ना सैन्य आहे, ना गुप्तचर खातं. अशा माणसाला खुर्चीत बसवणं बाकीच्यांच्या सोयीचं असतं, कारण तो कोणाला लगेच जड होत नाही. १९९९ चे पुतिनही बहुतेकांना असेच सोयीचे वाटले होते.

५. मग रशियात खरा निर्णय कोण घेतं? मंत्रिमंडळ, पक्ष की लष्कर?

आज तरी एकच माणूस. २१ फेब्रुवारी २०२२ ची क्रेमलिनमधली सुरक्षा परिषदेची बैठक रशियन टीव्हीवर दाखवली गेली, ती जरूर पाहा. भल्यामोठ्या दालनात एका टोकाला टेबलामागे पुतिन, आणि बऱ्याच अंतरावर अर्धवर्तुळात बसलेले बाकी सगळे. एकेक जण व्यासपीठावर जाऊन युक्रेनच्या दोन फुटीर भागांना मान्यता द्यावी असं सांगतो. परदेशी हेरखात्याचे प्रमुख सर्गेई नारिश्किन अडखळतात. पुतिन त्यांना स्पष्ट बोला म्हणून दटावतात. गोंधळलेले नारिश्किन हे भाग रशियात सामील करून घ्यायला पाठिंबा असल्याचं सांगून बसतात. विषय तो नाहीच, असं पुतिन सुनावतात आणि त्यांना जागेवर बसायला सांगतात. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाला देशासमोर शाळकरी मुलासारखं उभं केलं गेलं. तीन दिवसांनी युक्रेनवर आक्रमण झालं.

पक्ष आहे ('संयुक्त रशिया'), पण तो निर्णय घेत नाही, त्यावर शिक्का मारतो. खरी ताकद बंदूकवाल्या खात्यांकडे आहे: अंतर्गत गुप्तचर खातं एफएसबी, २०१६ मध्ये उभारलेलं आणि पुतिन यांचे जुने अंगरक्षक व्हिक्टर झोलोतोव्ह यांच्याकडे असलेलं राष्ट्रीय रक्षक दल, अध्यक्षांच्या संरक्षणाचं खातं आणि सैन्य. या सगळ्यांचं एकमेकांवर लक्ष राहील अशीच रचना आहे. पुतिन असेपर्यंत तिचा त्यांना फायदा होतो. ते नसतील तेव्हा हीच खाती एकमेकांसमोर उभी ठाकू शकतात.

६. सोव्हिएत काळात सत्ता कशी बदलायची? त्यावरून काही अंदाज येतो का?

येतो. १ मार्च १९५३ ला मॉस्कोजवळच्या बंगल्यात स्टालिन दिवसभर खोलीबाहेर आले नाहीत, तरी न बोलावता आत जायची पहारेकऱ्यांची छाती झाली नाही. रात्री ते जमिनीवर पडलेले सापडले. डॉक्टर आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. ५ मार्चला स्टालिन गेले. जूनमध्ये सहकाऱ्यांनी गुप्त पोलिसांचे सर्वेसर्वा बेरिया यांना अटक केली आणि डिसेंबरमध्ये गोळी घातली. सगळ्यात भीती ज्याची, त्याचा काटा आधी निघाला.

ऑक्टोबर १९६४ मध्ये ख्रुश्चेव्ह काळ्या समुद्राकाठी सुट्टीवर होते. तिथून त्यांना मॉस्कोला बोलावून घेतलं आणि घरी बसवलं. ब्रेझनेव्ह, आंद्रोपोव्ह आणि चेर्नेन्को पदावर असतानाच गेले, १९८२, १९८४ आणि १९८५ मध्ये. पण तेव्हा निदान पॉलिट ब्युरो होता, दारामागे का होईना चर्चा व्हायची, मतं मोजली जायची. आजच्या रशियात तसं सामूहिक मंडळच उरलेलं नाही. माझी मुख्य काळजी हीच आहे.

७. येल्त्सिन यांनी तर स्वतःहून सत्ता सोडली. पुतिन तसं करणार नाहीत का?

येल्त्सिन यांनी दीड वर्षात चार पंतप्रधान वापरून पाहिले: किरियेन्को, प्रिमाकोव्ह, स्तेपाशिन आणि शेवटी पुतिन. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये मॉस्को आणि इतर शहरांत राहत्या इमारतींत स्फोट झाले, दुसरं चेचन युद्ध भडकलं आणि फारसे कोणाला माहीत नसलेले पुतिन काही आठवड्यांत कणखर नेता म्हणून घराघरात पोचले. ३१ डिसेंबरला येल्त्सिन यांनी टीव्हीवरून लोकांची माफी मागत राजीनामा दिला. क्रेमलिनमधून निघताना ते पुतिन यांना एवढंच म्हणाले: रशियाला जपा. त्याच दिवशी पुतिन यांनी येल्त्सिन यांना खटल्यांपासून संरक्षण देणाऱ्या हुकमावर सही केली. मार्च २००० मध्ये ते सुमारे ५३ टक्के मतांनी निवडून आले.

म्हणजे सौदा साधा होता: खुर्ची घ्या, मला आणि माझ्या माणसांना हात लावू नका. डिसेंबर २०२० मध्ये माजी अध्यक्षांना आयुष्यभर खटल्यांपासून संरक्षण देणारा कायदाही झाला. पण कायदा बदलता येतो, आणि तो कसा बदलतात हे पुतिन यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. शिवाय मार्च २०२३ पासून युक्रेनी मुलांना पळवून नेल्याच्या आरोपावरून त्यांच्यावर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं अटक वॉरंट आहे. निवृत्त होऊन निवांत जगता येईल अशी हमी त्यांना देणार कोण?

८. तरी चर्चेत असलेली नावं सांगा की!

सांगतो, पण भाकीत म्हणून वाचू नका. अलेक्सेई द्युमिन: एकेकाळचे अंगरक्षक, मग तुला प्रांताचे राज्यपाल, मे २०२४ पासून अध्यक्षांचे सहायक आणि राज्य परिषदेचे सचिव. दिमित्री पात्रुशेव्ह: उपपंतप्रधान, एफएसबीचे माजी प्रमुख निकोलाय पात्रुशेव्ह यांचे चिरंजीव. सर्गेई किरियेन्को: येल्त्सिन यांचे पंतप्रधान राहिलेले, आज अध्यक्षांच्या कार्यालयातून देशांतर्गत राजकारण हाताळतात. मेदवेदेव एके काळी उदारमतवादी समजले जायचे, आता अण्वस्त्रांच्या धमक्या देत असतात.

मला नावांपेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, बड्यांची पुढची पिढी मोक्याच्या जागी बसते आहे. पुतिन यांच्या चुलत पुतणी आन्ना त्सिविल्योव्हा २०२४ मध्ये संरक्षण उपमंत्री झाल्या. दोन, २०२४ मध्ये सुरू झालेली 'वीरांचा काळ' ही योजना. युद्धातून परतलेल्यांना प्रशिक्षण देऊन प्रशासनात आणायचं, म्हणजे ज्यांची सारी ओळख या युद्धावर उभी आहे अशी माणसं सत्तेत पेरायची. उघडपणे वारस नेमला तर सगळे त्याच्याकडे वळतील, म्हणून पुतिन कोणाचंच नाव घेत नाहीत.

९. प्रिगोझिनच्या बंडावेळी पुतिन खरंच अडचणीत आले होते का?

हो. २४ जून २०२३ ला सकाळी प्रिगोझिन यांच्या वाग्नेर या भाडोत्री सैन्याने रोस्तोव शहरातलं लष्करी मुख्यालय एकही गोळी न झाडता ताब्यात घेतलं. शहराच्या सर्कशीच्या फाटकात एक रणगाडा अडकून बसला होता, भोवती लोक फोटो काढत होते, काही जण सैनिकांना खाणंपिणं आणून देत होते. दुसरी तुकडी मॉस्कोपासून सुमारे २०० किलोमीटरवर पोचली. वाटेत वैमानिक मारले गेले. संध्याकाळी बेलारूसच्या लुकाशेन्को यांच्या मध्यस्थीने सगळं थांबलं. साधारण दोन महिन्यांनी, २३ ऑगस्टला, येवगेनी प्रिगोझिन विमान कोसळून मारले गेले.

मला त्या दिवशीची एक गोष्ट विसरता येत नाही. पुतिन यांच्या बाजूने रस्त्यावर कोणी उतरलं नाही, आणि त्यांच्या विरोधातही नाही. लोक कोण जिंकतं याची वाट बघत राहिले.

१०. निवडणुकीतून, विरोधकांकडून बदल होऊ शकत नाही का?

सध्या तो मार्ग बंद केलेला आहे. विरोधी नेते बोरिस नेम्त्सोव्ह यांना २७ फेब्रुवारी २०१५ ला क्रेमलिनच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर पुलावर गोळ्या घातल्या. अलेक्सेई नवाल्नी १६ फेब्रुवारी २०२४ ला आर्क्टिकमधल्या खार्प गावच्या तुरुंगात मरण पावले. युद्धाला विरोध करणाऱ्या बोरिस नादेझ्दिन यांच्या अर्जावर सह्या करायला जानेवारी २०२४ च्या थंडीत लोक रांगा लावून उभे होते. निवडणूक आयोगाने सह्यांत दोष काढून अर्ज फेटाळला. त्या रांगांमध्ये मला वेगळा रशिया दिसला, आणि तो आजही तिथे आहे.

११. पुतिन गेले की युद्ध थांबेल का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. इतिहास दोन्ही बाजूंनी साक्ष देतो.

थांबू शकतं, कारण आधी थांबलं आहे. स्टालिन कोरियाचं युद्ध लांबवत होते. ते गेल्यावर पंधरवड्याच्या आत नव्या मंडळींनी ते आवरायचं ठरवलं आणि २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली. अफगाणिस्तानचं युद्ध ब्रेझनेव्ह यांनी सुरू केलं, ते गोर्बाचेव्ह यांनी संपवलं, पण त्याला १५ फेब्रुवारी १९८९ उजाडावा लागला. ज्याने युद्ध सुरू केलं नाही, त्याला ते संपवताना कमीपणा वाटत नाही.

उलट बाजूही तेवढीच खरी आहे. मेदवेदेव अध्यक्ष होऊन जेमतेम तीन महिने झाले होते तेव्हा, ऑगस्ट २००८ मध्ये, रशियाने जॉर्जियावर चढाई केली. पुतिन स्वतः चेचन युद्धावर स्वार होऊन सत्तेत आले (प्रश्न ७). नव्या, डळमळीत राज्यकर्त्याला आपण कणखर आहोत हे दाखवायची घाई असते.

आज आणखी तीन गाठी बसल्या आहेत. पहिली घटनेची. २०२० च्या दुरुस्तीने देशाचा भूभाग सोडायला बंदी घातली आणि ३० सप्टेंबर २०२२ ला दोनेत्स्क, लुहान्स्क, झापोरिझ्झिया आणि खेरसोन हे चार प्रांत आपले म्हणून जाहीर करून घटनेत घातले गेले. खेरसोन आणि झापोरिझ्झिया ही शहरं तर रशियाच्या ताब्यातही नाहीत. म्हणजे तडजोड करणाऱ्यावर देशद्रोहाचा शिक्का मारायची सोय झालेली आहे.

दुसरी गाठ पैशाची. २०२५ च्या अंदाजपत्रकात संरक्षणावर साडेतेरा लाख कोटी रूबल ठेवले होते, राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्क्यांहून जास्त. मॉस्को शहराने जुलै २०२४ मध्ये सैन्यात भरतीचा करार करणाऱ्याला एकरकमी १९ लाख रूबल द्यायला सुरुवात केली. शस्त्रांचे कारखाने तीन पाळ्यांत चालतात. गरीब प्रांतांतली कितीतरी घरं या पैशावर उभी राहिली आहेत.

तिसरी गाठ माणसांची. लाखो सशस्त्र, जखमी, मनाने पोळलेले पुरुष एकदम घरी परतले तर काय होईल, याची धास्ती क्रेमलिनला आहे.

माझं मत: पुतिन गेल्यावर युद्ध लगेच संपणार नाही, पण ते संपवण्याची पहिली खरी संधी तेव्हाच येईल, आणि ती काही महिन्यांचीच असेल.

१२. रशिया युक्रेननंतर नेटोच्या देशांवर हल्ला करेल, ही भीती खरी आहे का?

मोठं आक्रमण आज शक्य दिसत नाही. सैन्य युक्रेनमध्ये अडकलं आहे. पण भीती हवेतली नाही. फेब्रुवारी २००७ च्या म्यूनिचमधल्या भाषणापासून पुतिन नेटोच्या पूर्वेकडच्या विस्ताराविरुद्धची आपली तक्रार उघड मांडत आले आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाने नेटोने १९९७ च्या स्थितीला परत जावं अशी लेखी मागणी केली होती. सप्टेंबर २०२४ च्या हुकमाने सैन्याची मंजूर संख्या १५ लाखांवर नेली. मॉस्को आणि लेनिनग्राद हे स्वतंत्र लष्करी विभाग २०२४ मध्ये पुन्हा उभे केले. त्यातला दुसरा फिनलंड आणि बाल्टिक देशांच्या समोर आहे.

जाणकार दोन जागांकडे बोट दाखवतात: एस्टोनियाचं नार्वा शहर, जिथे बहुतेक वस्ती रशियनभाषक आहे आणि नदीपलीकडे रशिया आहे, आणि कालिनिनग्राद (मुख्य भूमीपासून तुटलेला रशियाचा प्रांत) व बेलारूस यांच्यामधली पोलंड-लिथुआनिया सीमेची चिंचोळी सुवाल्की पट्टी. नेटोचे बत्तीस देश एकमेकांसाठी खरंच लढतील का, हे चाचपण्यासाठी तिथे छोटीशी आगळीकही पुरेल. सप्टेंबर २०२५ मध्ये रशियन ड्रोन पोलंडच्या हद्दीत शिरले आणि ते पाडावे लागले. दुसरीकडे, आक्रमणाचा उलटा परिणामही झाला. फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये नेटोत गेले, आणि रशियाची नेटोशी असलेली सीमा १३०० किलोमीटरहून जास्त वाढली.

१३. सत्ताबदलाच्या गोंधळात अण्वस्त्रं कोणाच्या हाती जातील?

'चेगेत' नावाच्या आदेश-पेट्या तिघांकडे असतात: अध्यक्ष, संरक्षणमंत्री आणि लष्करप्रमुख. सत्ता देताना पेटीही दिली जाते. ५ नोव्हेंबर १९९६ ला हृदयाच्या शस्त्रक्रियेआधी येल्त्सिन यांनी अधिकार तेव्हाचे पंतप्रधान चेर्नोमिर्दिन यांच्याकडे सोपवले आणि शुद्धीवर येताच एका दिवसाच्या आत परत घेतले. धोक्याचं उदाहरण ऑगस्ट १९९१ च्या बंडाचं. गोर्बाचेव्ह क्रिमियात नजरकैदेत, संरक्षणमंत्री बंडखोरांत सामील, आणि सुमारे तीन दिवस जगातल्या सर्वांत मोठ्या अण्वस्त्रसाठ्याचा ताबा नेमका कोणाकडे आहे हे स्पष्ट नव्हतं. तेव्हा अधिकाऱ्यांनी डोकं शांत ठेवलं.

१४. याचा आपल्याकडे काय संबंध?

बराच. आपल्या हवाई दलाची सुखोई-३० विमानं नाशिकजवळ ओझरच्या एचएएलमध्ये बांधली जातात आणि डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ विमानांचा करार झाला. सुटे भाग आणि तंत्रज्ञानासाठी रशियाशी संबंध सुरळीत राहणं गरजेचं आहे. २०२२ आधी आपल्या तेल आयातीत रशियाचा वाटा नगण्य होता, पुढे तो एक तृतीयांशाच्या आसपास गेला. गोव्यात मोरजी भागातला हंगाम रशियन पर्यटकांवर बराच अवलंबून असतो.

पालकांना एक कळकळीची सूचना. मदतनीस, सुरक्षारक्षक अशा नोकरीच्या नावाखाली भारतीय तरुणांना रशियन सैन्यात ओढलं गेलं आहे. परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये अशी १२६ प्रकरणं आणि १२ मृत्यू झाल्याचं सांगितलं होतं. रशियन भाषेतल्या, न समजणाऱ्या करारावर मुलांना सही करू देऊ नका.

१५. अध्यक्ष आणि पंतप्रधान दोघेही एकाच वेळी नसतील तर?

घटनेत फक्त पंतप्रधानाचं नाव आहे, पुढची साखळी नाही. पंतप्रधान नसताना त्याचं काम उपपंतप्रधानाकडे जातं. २०२० मध्ये मिशुस्तिन यांना कोविड झाला तेव्हा आंद्रेई बेलोऊसोव्ह यांनी काही दिवस ते सांभाळलं होतं. पण असा प्रभारी पंतप्रधान हंगामी अध्यक्षही होतो का, यावर लिखित खुलासा नाही. अशा वेळी प्रश्न ५ मधली खाती ठरवतील तेच कायदा म्हणून मांडलं जाईल.

१६. युद्ध चालू असताना तीन महिन्यांत निवडणूक घेता येईल का? की ते कारण सांगून पुढे ढकलतील?

दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. मे २०२३ पर्यंत लष्करी कायदा लागू असलेल्या भागात निवडणूक घ्यायला मनाई होती. मग कायदा बदलला आणि केंद्रीय निवडणूक आयोगाने संरक्षण मंत्रालय व एफएसबीशी सल्लामसलत करून परवानगी दिली की तिथेही मतदान घेता येऊ लागलं. मार्च २०२४ मध्ये व्यापलेल्या युक्रेनी प्रांतांत असंच मतदान उरकलं. त्यामुळे एका नावावर एकमत झालं असेल तर निवडणूक वेळेत होईल. ते झालं नसेल, तर देशभर लष्करी कायदा लावून आयोगाने परवानगीच न देणं एवढंही पुरेसं आहे. संसदेच्या वरच्या सभागृहाने पहिल्या दोन आठवड्यांत तारीख जाहीर केली की नाही, हे आधी तपासा.